अकरा नंबरचा माग

पोस्टरवर 'सुपरग्रुप' छापायचं होतं.
हा शब्द दस्तगीरनं आणला, कुठून ते विचारू नका.
प्रेसवाल्यानं 'सुपारीग्रुप' केला,
आणि आम्ही चौघं काळी शाई घेऊन
काना आणि वेलांटी खोडत
अशोक चौकापासून कन्ना चौकापर्यंत गेलो.

चार बँड मोडून झालेला एक बँड.
दस्तगीर नदाफ, गिटार. त्याचा सोलो ऐकायला
इंजिनिअरिंगची पोरं भिंतीवरून उड्या मारायची.
रेवणसिद्ध हलकुडे, ड्रम. आधी वरातीत ताशा.
गाणारा अंबादास गज्जम. त्याच्या गळ्यात
कापसाचा तूस अडकलाय, असं त्याची आईच म्हणायची.
आणि मी, बेस. मला कुणी फोडून आणलं नव्हतं.
माझ्याकडे अँप्लिफायर होता.

सहा आठवडे एक ओळ जमली नाही.
प्रत्येकाला प्रत्येक गाण्यात आपला सोलो.
चार नवरदेव, एक घोडा.
"तू आधी थांब की बे."
"तू कोण बे मला थांब म्हणणारा?"
नॉर्थकोटच्या मैदानाचं भाडं भरून झालं होतं.

तालीम अंबादासच्या काकाच्या शेडात,
अक्कलकोट रोडला, रात्रपाळीत.
एका भिंतीकडं आम्ही, उरलेल्या जागेत बारा माग.
अकरा जण नीट चालायचे.
अकरा नंबर लंगडा.
सहा ठोके सरळ, सातव्याला धोटा अडखळायचा,
जसा एखादा पायरी विसरतो अंधारात.
रेवण त्याच्यावर चिडायचा,
काठ्या फेकायचा, परत उचलायचा.
जॉबर सुट्टीवर, मेव्हणीच्या लग्नाला, तेलंगणात.

त्या रात्री साडेनऊला लाइट गेली.
भारनियमन अकराचं होतं, पण गेली.
माग एकदम थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.
एकेक करून दम सोडतात.
शेवटी अकरा नंबर. खट्. खट्. आणि मग
कानात इतकी मोठी जागा झाली
की कुणाला बोलायचं सुचेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून मोजणं ऐकू आलं.
नरसम्मा, अंबादासची आई,
भरलेल्या कांड्या हातानंच चाचपून टोपलीत टाकत होती.
ओकटी, रेंडू, मूडू,
नालुगू, ऐदू, आरू,
आणि एक श्वास. मग "आरुन्नोक्कटी."
सहा आणि एक.
पुन्हा पहिल्यापासून.

"सात का म्हणत नाही?" मी अंबादासला विचारलं.
"आमच्यात सात आणि 'रड' एकच शब्द.
रात्री घरात कोण म्हणंल?"
तो हसत नव्हता.
त्याचा बाप मिल बंद झाली त्या वर्षी गेला,
हे मला माहीत होतं. कोणत्या तारखेला, ते नव्हतं,
आणि मी विचारलं नाही.

रेवणनं मांडीवर सहा वाजवले.
सातवा वाजवला नाही.
परत सहा.
दस्तगीरनं तारांवर हात ठेवला, वाजवली नाही.
आयुष्यात पहिल्यांदा तो थांबला होता.
अंबादासनं आईमागनं मोजायला सुरुवात केली, हळू,
आणि सातव्या जागी तोंड उघडं ठेवून गप्प राहिला.
मी बेसला हात लावला. वीजच नव्हती,
माझा आवाज फक्त मला, पोटात.

लाइट पावणेबाराला आली.
गाणं तोपर्यंत झालं होतं,
शब्द म्हणून फक्त सहा आकडे.

दुसऱ्या आठवड्यात मल्लय्या जॉबर परतला
आणि अकरा नंबर दुरुस्त करून टाकला.
रेवणचा ठेका लागेना.
तो मल्लय्याकडं गेला: "होता तसा कर."
मल्लय्यानं विडी पेटवली.
"बिघडवायचे पैसे वेगळे पडतील."
दिले. चाळीस रुपये, माझ्या खिशातनं.

मैदानावर लोकांनी सातवा टाळीनं भरून काढला.
आम्हाला ते नको होतं. भांडण तिथनंच परत सुरू झालं,
आणि गाणं एकच राहिलं.

कॅसेटवर लिहिलंय: गीत-संगीत, चौघे.
नरसम्माला एक प्रत दिली.
तिनं ती उलटून पाहिली, विचारलं,
"ह्याच्यात किती फूट फीत असते रे?"