कुत्र्यांचा वाटा

रियो प्रेतोच्या कत्तलखान्यात एकतीस वर्षं
बाबा गुरांची काळजं काढत होते.
काळीज वजनावर जायचं, चरबी साबणवाल्याकडे,
आणि काळजाभोवतीची ती पिशवी,
पांढरट, ओली, बोटातून निसटणारी,
मागच्या दारानं कुत्र्यांना.
त्यातल्या एकीचं नाव बारोनेझा होतं.
ती हवेतच झेलायची.

मी लग्नाचे झगे शिवायची.
दाल्व्हानं एकदा माझी तुरपाई उलटी करून पाहिली,
म्हणाली, आमच्याकडे ये.
नखं काप, आणि सकाळची कॉफी सोड.
कॉफीनं हात थरथरतो.

आता भिंगाखाली माझ्यासमोर
तीच पिशवी येते,
औषधात मुरलेली, तुकडे केलेली,
जाडी मोजून, नंबर घालून.
बाहेर ऊस जाळतात.
काजळी दोरीवरच्या चादरींवर उतरते,
आमच्या दारापर्यंत येते आणि थांबते.
आत भुवयासुद्धा झाकलेल्या.
आत सुई, पापणीच्या केसाहून बारीक दोरा,
आणि तीन पाकळ्या.
त्या मिटल्या पाहिजेत, उघडल्या पाहिजेत
कुणाच्या तरी छातीत,
दिवसातून लाख वेळा.

एका झडपेला मला पाच दिवस लागतात.
एक टाका तिरका गेला की पाचही दिवस कचऱ्यात.
कुत्र्यांना नाही.
आमच्या कचऱ्याला कुलूप असतं.
झडप कुठे गेली, ते सांगत नाहीत.
मी मनातल्या मनात एक बाई धरून ठेवली आहे,
तिसऱ्या मजल्यावरची,
भाजीची पिशवी घेऊन जिना चढून येणारी
आणि दाराशी न थांबता सरळ किल्ली फिरवणारी.

गेल्या जूनमध्ये बाबांना आडवं होता येईना.
रात्रभर खुर्चीत, पुढे वाकून,
टेबलावर कपाळ टेकून.
ऊर भरून आला, असं आपण सहज म्हणून जातो.
त्यांचा खरोखरच भरला होता.

डॉक्टर काइओ माझ्या मुलाच्या वयाचा.
कागदावर त्यानं पेरूसारखं काहीतरी काढलं.
हे हृदय. हे त्याच्यावरचं आवरण.
पदराला पदर घासू नये म्हणून
मध्ये दोन-तीन चमचे पाणी असतंच.
तुमच्या वडिलांचं पाऊण लिटर झालंय.
बिचाऱ्याला फुलायला जागा उरली नाही.
मग शब्द शोधत म्हणाला,
फार पातळ असतं हो ते, म्हणजे साधारण, म्हणजे कसं सांगू,
मी म्हटलं, माहीत आहे.
त्यानं सुई किती जाड असते तेही सांगितलं.
मी हसले नाही.

काचेपलीकडून पाहिलं.
बरगड्यांच्या खालून सुई गेली.
उसाच्या रसाच्या रंगाचं पाणी
नळीतून उतरत राहिलं, उतरत राहिलं.
पडद्यावर ते आवरण म्हणजे नुसती एक पांढरी रेघ.
आणि रेघेच्या आत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात
कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या पोरासारखं
त्यांचं काळीज,
हळूहळू पाय पसरू लागलेलं.
माणसाची पिशवी वेगळी असेल,
असं मला आजवर का वाटत होतं कोण जाणे.

संध्याकाळी बाबा पाठीवर निजले होते,
तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.
छताकडे बघत म्हणाले,
तू शिवतेस ती हीच का?
हीच. फक्त गुरांची.
कितीला जाते?
मी झडपेची किंमत सांगितली.
ते बोटांवर काहीतरी मोजू लागले,
दिवसाला इतकी गुरं, वर्षाला इतके दिवस,
बोटं संपली, पुन्हा अंगठ्यावर आले.
एकतीस वर्षं, म्हणाले.
जोसिलेने,
त्या बारोनेझानं किती लाखांचं खाल्लं असेल गं?

आणि हसायला लागले,
छातीवर हात दाबून, कळवळत, डोळ्यांत पाणी येईतो.

हसू नका, मी ओरडले, टाका तुटेल.

टाका नव्हताच.
एक भोक होतं, आणि त्यावर चिकटपट्टी.