तीन आठ

हल शहरात, गोदीमागच्या आमच्या गल्लीत,
घरात ऐकू येणारं माणूस एकच:
मी, जनीन. वय वर्षं सात.

टीव्हीत कुणी तोंड उघडलं
की बाबांचं कोपर लागायचं बरगडीला. काय म्हणतोय?
मी हातांनी सांगायचे: भांडतायत.
पंधरा मिनिटं भांडतायत.
त्यात एका बाईचं सगळं आयुष्य निघालेलं,
तिने लिहिलेली, पेटीत न टाकलेली पत्रं,
आणि मी: भांडतायत.
फारच खोदून विचारलं तर
मनगट झटकून आमची ती घरातली खूण:
काही विशेष नाही.
बिस्किट चहात विरघळत असायचं माझं.

मी तेरा वर्षांची असताना बाबांनी हप्त्यांवर नवा सेट आणला.
रिमोटवर आठ दाबायचा, तीनदा.
पडद्याच्या तळाशी काळी पट्टी, तीत अक्षरं,
एकाची पिवळी, दुसऱ्याची निळसर,
कोण बोलतंय ते रंगावरून.
आईने विणकाम बाजूला ठेवलं.
बाबा ओठ हलवत वाचायचे; इंग्रजी त्यांना जडच,
त्यांची भाषा बोटांत.
आणि एका विनोदाला ते हसले
माझ्या आधी.
अक्षरं आवाजाच्या जराशी पुढे धावत होती.
मला रागच आला, खरं सांगायचं तर.

त्याच रात्री, कुठल्याशा भयपटात,
जिन्यावर अंधार, आणि खाली पांढऱ्यात:
दार करकरतं.
बाबा वळले. दारं आवाज करतात?
काही काही.
आपलं?
माझे हात मांडीवरच राहिले.
ते उठले. मागचं दार उघडलं, लावलं,
लाकडावर तळवा टेकवून पुन्हा उघडलं, सावकाश,
आजाऱ्याची छाती तपासावी तसं.

मासळीच्या लिलावाला पहाटे चारला निघायचे ते.
मुलगी जागी होईल म्हणून
बूट हातात घेऊन, चवड्यांवर,
इतकी वर्षं.

रोज उठवत होतो तुला?
सांगितलं का नाहीस?

मी मनगट झटकलं.

सकाळी बिजागऱ्यांवर सायकलचं तेल चकाकत होतं.
आणि त्यानंतरच्या पहाटे, चारला,
मला जाग आली.
काहीच वाजलं नव्हतं.