शेवटच्या चार फ्रेम

रोलमध्ये छत्तीस फ्रेम.
बत्तीस लग्नाच्या, त्या पार्टीच्या मालकीच्या.
उरलेल्या चार इरण्णा हत्तुरे स्वतःसाठी ठेवायचे.
मांडवातून उठून साखर पेठेतून सायकल,
मी मागे कॅरियरवर,
खांद्याला फ्लॅशची बॅटरी, खिशात लग्नातला लाडू.

म्हणून कॉन्टॅक्ट शीटवर असं दिसतं
की नवरदेव घोड्यावरून उतरला
आणि थेट चित्रकारांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला.

हे बघा, शाळेच्या हॉलमधलं उद्घाटन.
बाकं भिंतीला सरकवलेली.
खिळे हेडमास्तरांच्या परवानगीने, मोजून सात.
हा चिलवेरी राजमौळी, दिवसा चादरींची नक्षी काढणारा,
सदऱ्याला कडक इस्त्री, कोपराला रंग.
हा दस्तगीर पेंटर, टॉकीजचे बोर्ड रंगवायचा,
त्याला नायिकेचे ओठ तेवढे मनापासून जमायचे.
बिराजदार बाई बशीतला चहा फुंकतायत.
प्रमुख पाहुणे घड्याळ बघतायत.

बाकी सगळे कॅमेऱ्याकडे.
चित्राकडे बघतोय फक्त किटलीवाला पोऱ्या,
म्हणून फोटोत त्याला तोंडच नाही.
मीही नाही कुठे. सगळ्यांच्या गालांवरचा
उजेड तेवढा माझा.

त्या संध्याकाळी लालवरून जुंपली होती.
राजमौळी म्हणाला, हा एर्रा आमच्या रंगाच्या हौदातला,
धुतला तरी जायचा नाही.
बाई म्हणाल्या, केंपु असा ओरडत नसतो.
दस्तगीर म्हणाला, लाल म्हणजे लाल बे,
त्यात काय मीटिंग घ्यायची?
इरण्णांनी बटण दाबलं.
तिन्ही भाषांचा मिळून एकच करडा झाला.

परवा पुण्याहून एक मुलगी आली,
पिशवीत पांढरे हातमोजे.
चित्र कुठंय, विचारलं.
राजमौळीच्या माग-खोलीत गळतीखाली टांगलं होतं,
त्यापुढचं कुणाला ठाऊक.
मग म्हणाली, निदान रंग?
तुम्ही तर तिथंच होता ना काका.

होतो की. सहा फुटांवर, फ्लॅश धरून.
पण फ्लॅश उडाला की चांगली दोन मिनिटं
मला सगळंच हिरवं दिसायचं,
चित्र, बाई, प्रमुख पाहुण्यांचं टक्कल.

तिने वहीत लिहिलं: हिरवा,
पुढे एक प्रश्नचिन्ह.
मी खोडायला सांगितलं नाही.