वाढपी

तीस वर्षं नारायण पेठेतल्या खानावळीत वाढलं.
चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे,
आणि ताटावर आडव्या धरलेल्या हाताखालून
आणखी एक पोळी.
मेंबर चिडायचे. खायचे.

परवा सुनेनं बाणेरला नेलं.
पाटाएवढी बशी, मधोमध चार घास,
वर कसलंसं पान, ते खायचं की नाही कळेना.
चव बरी होती, खोटं कशाला बोलू,
आमसुलाच्या गावाकडची.

पाणी ओतणारा पोरगा उदगीरचा निघाला.
विचारलं, "बाळा, आग्रह नाही का करत इथं?"
तो हसला. मॅनेजरची पाठ वळल्यावर
टोपलीतला एक पाव घेऊन आला.

नको म्हणून मी हात आडवा धरला.
त्यानं खालून सरकवला.
चटणीच्या जागी ठेवला,
पण ठेवला.