आधी काय मोडतं

मन्सीच्या पश्चिमेला, मका कापून झालेल्या शेतांपलीकडे
माझं भंगाराचं आवार.
नोव्हेंबरात बोनेटांवर दहिवर गोठतं,
कुत्रंसुद्धा व्हॅनमधून खाली उतरत नाही.

तो मुलगा आला छातीशी टॉवेल धरून,
दवाखान्यात मांजर न्यावं तसा.
मागे त्याची आई, अंगात स्कूलबसचं जाकीट,
हात खिशात.
टॉवेलमध्ये मागच्या ॲक्सलचा दांडा. तुटलेला.

"सत्तरची नोव्हा आहे. इंजिन थोडं बदललंय."
थोडं म्हणजे?
"थोडंच."

दांडा मी उजेडात फिरवला.
टोकाचे दात सरळ हवेत,
कणसावरच्या दाण्यांच्या ओळींसारखे.
हे पिळले होते धुण्यासारखे.
पोरा, आकडा माणूस लपवतो,
पोलादाला ते जमत नाही.
चारशे चोपन्न?
तो बुटांकडे बघत राहिला.

मग मी सुरू झालो.
चाळीस वर्षं हेच बोलतोय, बायको असती तर म्हणाली असती, झालं सुरू.
इंजिनाचे सगळे फोटो काढतात.
ती मस्ती रस्त्यापर्यंत पोचवतं कोण,
हे वाकून कोणी बघत नाही.
आडात पाणी मायंदळ, आणि पोहरा मातीचा!

हा बघ, बारा बोल्टांचा. शेव्हीचाच, घराण्यातला,
भावही घराण्याला शोभेलसा.
तो तिकडे, गवत उगवलंय त्यातून, साठ नंबरी, ट्रकखालचा.
मोडायचा नाही. पण गाडीला नांगर बांधल्यासारखं होईल.
आणि हा नऊ इंची. फोर्डचा.

"फोर्डचा?"
परक्या चर्चमध्ये बसायला सांगितल्यासारखा चेहरा.
हो, फोर्डचा. गाडीखालच्या अंधारात
आडनाव कोण विचारतं?
थोडी ताकद मधल्यामध्ये खातो, दलालासारखी,
पण पिनियनला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो.
तुझ्या गाडीला रुंद पडेल. नळ्या कापायच्या,
सुतात धरून पुन्हा जोडायच्या,
एकतीस दातांचे नवे दांडे घालायचे.
आणि क्लच असा लाथ मारल्यासारखा सोडायचा नाही.
आईचा तरी विचार कर.

इथे ती बाई हसली. आवाज न करता.

"दांडा मोडला," तिने विचारलं, "तर चाक जागेवर राहतं का, यात?"
हात आता खिशाबाहेर होते, नखांत काळं ग्रीस.
"जुन्यात नाही राहिलं.
तिसरा गिअर टाकला, मागून बंदुकीसारखा आवाज,
आणि माझंच चाक मी
माझ्यापुढे धावत जाताना पाहिलं.
फार घाईत होतं."

मी मुलाकडे बघितलं.
"मी टायर पुसतो," तो म्हणाला. "आणि वेळ लिहितो."

मी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.
राहतं, मी म्हणालो. यात दांडा चाकाकडच्या टोकाला अडकवलेला असतो.
मोडला तरी चाक तुम्हाला सोडून जायचं नाही.

"कधीच मोडणार नाही असा कुठला?" मुलाने विचारलं.
असा नसतो.
हा टिकला तर प्रोपेलर शाफ्ट जाईल,
तो टिकला तर गिअरबॉक्स.
दुबळी जागा संपत नाही कधी,
आपण तिला फक्त पुढे सरकवतो.

"सरकू दे," ती म्हणाली.
"माझ्या बुडाखालून सरकली तरी पुष्कळ झालं."

पैसे तिने पाकिटातून मोजले, विसाविसाच्या नोटा.
पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं: दात.
डाव्या बाजूने चावत नसावी ती,
मी दिलेलं बिस्किट तिने उजवीकडेच फिरवलं.

तिघांनी मिळून धूड पिकअपमध्ये चढवलं.
मागचे स्प्रिंग दबले, कुत्रं एकदा भुंकलं.
तुटका दांडा ती विसरून गेली,
की ठेवून गेली, कोण जाणे.
ऑफिसच्या दाराला हल्ली तोच लावतो.
वारा कितीही असो,
दार हलत नाही.