सत्तेचाळीस नंबर

ट्रेगॅरनच्या वरच्या अंगाला एलुनेड प्यूंचं शेत.
त्यांच्या चीजच्या खोलीतली लाकडी फळी
मी कापसाच्या ओल्या काडीने पुसली, नोव्हेंबरात.
त्या म्हणाल्या, धूळ पुसायला एवढ्या लांबून आलीस?
म्हटलं, धूळ नाही, पाहुणे न्यायला आलेय.
त्या हसल्या नाहीत.
दाराशी मेंढ्या रवंथ करत होत्या.

अ‍ॅबरिस्टविथच्या बसमध्ये
नळ्यांचा डबा मांडीवर,
झाकण बंद असूनही सांडेल अशी धास्ती.

एकसष्ट ठिपके उगवले ताटल्यांवर.
आधी आम्ल, पोटातल्याइतकं आंबट, तीन तास.
बावीस उरले.
मग गाईच्या पित्ताची भुकटी पाण्यात कालवून.
तिचा वास हाताला दोन दिवस राहतो,
मी डब्यातली पोळी काट्याने खाते.
नऊ उरले.
मग त्यांना आतड्याच्या पेशींवर सोडलं.
कुणा एका माणसाच्या गाठीतून काढलेल्या पेशी;
तो कधीच गेला, त्या अजून काचेत वाढतात.
त्याला नुसतं चिकटून राहायचं, एवढीच परीक्षा.
तीनदा धुतलं.
सत्तेचाळीस नंबर हलला नाही,
जेवण झाल्यावरही उठत नाहीत तसल्या पाहुण्यासारखा.

रॉड्रीने खुर्ची गर्रकन फिरवली. म्हणाला, हा आपला.
त्या रात्री आनंदाच्या भरात
मी विरजण चमचाभर जास्तच घातलं.
सकाळी दही तोंडात धरवेना.

शेवटची चाचणी सगळ्यात सोपी.
ताटलीवर औषधांच्या सहा चकत्या ठेवायच्या
आणि घरी जायचं.
दुसऱ्या दिवशी पाच चकत्यांभोवती
स्वच्छ रिंगणं पडलेली.
सहावीला मात्र तो अगदी खेटून वाढला होता.
टेट्रासायक्लिन.
ही विद्या त्याच्या एका सुट्या कड्यावर आहे,
वाटीभर साखरेसारखी शेजारी देता येते,
आणि आतड्यात शेजार फार.

मी फोन केला.
औषध? आमच्याकडे नाही, एलुनेड म्हणाल्या.
मग थांबल्या.
वडील होते तेव्हा एका हिवाळ्यात कोकरं मरत होती.
पिवळं काहीतरी होतं, बादलीत कालवून पाजलं.
मी सात वर्षांची. बोटं पिवळी झाली होती,
शाळेत हात लपवून बसायचे.
किती कोकरं वाचली ते आठवत नाही, म्हणाल्या.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.

रॉड्रीने वहीत लिहिलं: नापास.
ताटल्या वाफेच्या भांड्यात गेल्या.
एक नळी मी ग्लिसरीन घालून
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये मागे सरकवली.
चिठ्ठीवर लिहिलं, वापरू नये.
खाली बारीक अक्षरात, टाकू नये.

पिअरवर भोरड्या उतरत होत्या, हजारोंनी,
आणि एकीलाही आपला नंबर ठाऊक नव्हता.

घरी फ्रिजमध्ये एलुनेडनी दिलेलं चीज होतं,
मेणकागदात, दोऱ्याने बांधलेलं.
मी जाड काप काढला, कडेच्या सालीसकट.
असेल तो त्यात. साठ वर्षं त्या खातच आहेत.
असेल तर उतरू दे खाली.
आम्ल, पित्त, धुणं,
त्याला त्यात नवं काही नाही.