प्रश्न चौदावा: दिवसाला किती कप?

लिही पोरी, पाच.
मागच्या खेपेला तीन सांगितले होते मी.
तेव्हा आउने शेजारी बसली होती,
आणि डॉक्टरने तिच्यादेखत मला दोनवर आणलं होतं.
एका कपाची कबुली दिली, दोन लपवले.

भांडं तेच आहे, बघ, तळाशी काळं.
आम्ही उकळतो, गाळत नाही.
गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, बस्स.

माझी आई बशीत ओतून प्यायची,
साखरेचा खडा दातात धरून, फुर्रकन.
पाद्री आला तरी फुर्रकन.
नव्वदीत गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं
बावन्न साली विकलेल्या गायींची नावं सांगितली,
ओळीनं, दुधाच्या हिशेबासकट.

तेव्हापासून मी म्हणायचो, कॉफीनं डोकं शाबूत राहतं.
तुझ्या मॅडमही म्हणाल्या ना तसंच,
ईसाल्मीच्या सभागृहात, पडद्यावर रेघा दाखवून?
पिणाऱ्यांची जरा वर, न पिणाऱ्यांची खाली,
आणि मध्ये तो एक शब्द, 'कदाचित',
कुंपणावरच्या कावळ्यासारखा. हाकलला तरी परत तिथेच.

पण आउनेही पाचच प्यायची.
याच भांड्यातली.
तुमच्या कागदावर आम्ही दोघं सारखे:
मासे सारखे, बर्फातलं चालणं सारखं,
वेलदोड्याचा पावसुद्धा अर्धा अर्धा.

गेल्या पानगळीत आधी टपालपेटीची किल्ली गेली.
मग टपालपेटी.
मग एका सकाळी मला म्हणाली,
"आपण कुणाकडे आलात?"
एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा अहोजाहो.
मी म्हटलं, कॉफीला आलोय.
"मग बसा ना," म्हणाली,
आणि वरच्या फडताळातून
निळ्या काठाचे कप काढले, लग्नातले,
पाहुण्यांसाठी ठेवलेले,
ज्यांना तिनं मला कधी हात लावू दिला नव्हता.

पूड घालायला अजून चुकत नाही.
माणशी एक चमचा, आणि एक भांड्याच्या नावाचा.
हे लिहायला रकाना आहे का?
नसेल तर राहू दे.

आता चार वाजतील. ती येऊन विचारेल,
पाहुणे थांबणार आहेत का.
थांब तू. गाळ बसू दे.
आणि हो, पाच खोड.
साडेपाच लिही.
तिच्या कपात रोज अर्धी उरते,
ती मीच पितो.